सात वेळा कुजबुज

१

शनिवारी दुपारी पावणेपाच वाजता दरीतल्या बारा क्लबांचा स्नूकर कप एम्रिस रंगवाल्याच्या हातात पडायचा होता. तो पडला नाही. कमिटीचे अध्यक्ष हेडन प्रॉसर कप घेऊन उठले, दोन पावलं पुढे आले आणि थांबले. मग वळून त्यांनी कप पुन्हा कपाटात ठेवला. किल्ली फिरल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"कमिटीकडे तक्रार आहे," ते म्हणाले. "तक्रार माझीच आहे. पंचबाईंनी खेळाडूच्या कानात काहीतरी सांगितलं. एकदा नाही, सात वेळा. मी मोजलंय."

टेबलापाशी एलिनेड पॉवेल पांढऱ्या हातमोज्यांत उभी होती. खेळ संपला तरी तिने ते काढले नव्हते. छातीवर पंचाचा पितळी बिल्ला. तो मिळवायला तिला नऊ वर्षं लागली होती. आमच्या कुमडेरूच्या खाणकामगार क्लबात, म्हणजे इन्स्टिट्यूटमध्ये, सहा वर्षांपूर्वीपर्यंत बाईमाणूस स्नूकरच्या खोलीत जायचं ते फक्त चहाचा ट्रे घेऊन. त्याच खोलीत एका बाईने अंतिम सामन्याला पंच म्हणून उभं राहावं, हे दरीत पहिल्यांदाच घडत होतं.

"मी एकही नियम मोडलेला नाही," ती म्हणाली.

"मग काय सांगितलंत ते सांगा."

"ते मला सांगता येणार नाही."

खोलीत खुर्च्या करकरल्या. हरलेला डेन्झिल दूधवाला क्यूच्या काठीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. जिंकलेला एम्रिस बुटांकडे बघत राहिला.

"खेळाडूला सल्ला देणाऱ्या पंचाचा बिल्ला जातो," हेडन म्हणाले. "तुम्ही बाई आहात म्हणून मी हे बोलत नाही."

"बाई आहे म्हणूनच मोजत बसलास," माझा भाऊ माझ्या शेजारून म्हणाला. "कुठल्या पुरुष पंचाचं बोलणं मोजलंयस आजवर?"

लोक हसले, हेडनही थोडे हसले. माझा भाऊ गेथिन तीस वर्षं या दरीत पंच होता, अजूनही त्याला लोक गेथिन हातमोजे म्हणतात. साखरेच्या आजाराने चार वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. तरी प्रत्येक सामन्याला तो माझा हात धरून येतो आणि चेंडूंच्या आवाजावरून गुण मोजतो.

"बरं, मग तूच चौकशी कर," हेडन म्हणाले. "तुला दिसत नाही, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघून तू निकाल देणार नाहीस. गुरुवारी तीन वाजता कमिटी बसेल. तोवर कप कपाटात. आणि गुरुवारी बाईंनी तोंड उघडलं नाही, तर बिल्लाही कपाटात."

एलिनेडने हातमोजे काढले आणि नीट घडी करून पर्समध्ये ठेवले.

२

रविवारी चॅपलमधून निघताना मी मागच्या दारापाशी नेहमीसारखी थबकले. ते दार आम्ही बायकांनी वर्गणी काढून गडद लाल करून घेतलं होतं, आतल्या बाकांच्या गाद्यांना शोभेल असं. या उन्हाळ्यात कुलपाभोवतीचा रंग उडाला, तेव्हा एम्रिसने येऊन डाग भरला आणि भरला तो चक्क तपकिरी रंगाने. लाल दारावर थाळीएवढा तपकिरी गोल.

"उरलेला डबा संपवला असेल," मी म्हटलं. "देवाच्या दारात तरी काटकसर करू नये."

"तू त्याला सांगितलंस?" गेथिनने विचारलं.

"सांगितलं. म्हणाला, छान मिसळलाय की."

"बेथन नव्हती का बरोबर?" बेथन म्हणजे एम्रिसची बायको.

"ती त्या आठवड्यात बहिणीकडे होती."

दुपारी एलिनेड आमच्याकडे आली. मी चहा ठेवला, वेल्श केक तव्यावर टाकले. तिने एकही खाल्ला नाही. तिला पुस्तकातला नियम न् नियम गेथिननेच शिकवला होता, म्हणून ती त्याला काका म्हणते.

"काका, मला काही विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर अर्धं सांगून टाकल्यासारखं होईल."

"शब्द कधी दिलास, एवढं तरी?"

तिने विचार केला. "दोन डाव झाल्यावर. चहाच्या सुट्टीत."

"आणि जे बोललीस ते नियमात बसतं?"

"तुम्हीच शिकवलंय मला पुस्तक."

"पुस्तकात पंचाने काय बोलू नये याचीच यादी मोठी आहे."

"काय बोलावं याचीही आहे," ती म्हणाली, आणि लगेच ओठ मिटून घेतले. आपण जास्त बोललो असं तिला वाटलं असावं.

मला राहवलं नाही. "एलिनेड, बिल्ल्यासाठी तू किती खपलीस ते मी पाहिलंय. रात्रपाळी करून सकाळच्या बसने परीक्षेला जायचीस. ज्याला शब्द दिलास त्यालाच जाऊन सांग ना, मोकळं कर म्हणून."

"त्याला माहीत आहे नेस्टामावशी, गुरुवारी काय होणार ते. तो खोलीतच होता." ती उठली. "तोंड त्याने उघडायचं की नाही, ते त्याने ठरवावं. मी मागायला गेले तर दिलेला शब्द परत मागितल्यासारखं होईल. बिल्ला गेला तर जाऊ दे."

ती गेल्यावर मी केक झाकून ठेवले. शब्दाला जागणं मला कळतं. रोज सकाळी स्तोत्र वाचल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, हे आईच्या शेवटच्या दिवशी मी स्वतःशी ठरवलं, आणि तापातही मोडलं नाही. पण ते माझ्यापुरतं होतं. त्यात कुणाची नऊ वर्षं जात नव्हती.

"म्हणजे एम्रिस," मी म्हटलं.

"म्हणजे एम्रिस. पण तो काय विचारत होता? आणि अशी कुठली गोष्ट, की ती उघड होण्यापेक्षा त्याला कप गेलेला परवडतो?"

३

सोमवारी सकाळी डेन्झिलची दुधाची गाडी दारात थांबली तेव्हा गेथिन फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता.

"ये, डेन्झिल. हरलास म्हणे."

"काळ्या चेंडूवर हरलो. शेवटच्या डावातल्या शेवटच्या चेंडूवर. त्याला हरणं म्हणत नाहीत, त्याला छळ म्हणतात." त्याने दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. "पण तक्रार माझी नाही हां, गेथिनकाका. हेडनने माझ्या नावाने छाती पिटली, मला विचारलं पण नाही."

"तुला ती कुजबुज दिसली?"

"दिसली की. एम्रिस टेबलाकडे हनुवटी करून काहीतरी पुटपुटायचा, बाई एक शब्द बोलायच्या. एकच. चहानंतर सुरू झालं."

"आणि मग तो चांगलं खेळायचा?"

डेन्झिलने टोपी मागे सारली. "तीच तर गंमत आहे. चौथ्या डावात तीनदा कुजबुजला आणि तो डाव मी घेतला. असला सल्ला असेल तर मलाही नको."

"तिसऱ्या डावात?"

"नाही, तिसऱ्यात कुजबुज नव्हती. त्यात तो चाळीस गुणांनी मागे होता आणि एकट्याच्या हिमतीवर वर आला." तो थोडा थांबला. "मला विचाराल तर त्याचं डोकं दुसऱ्या डावातच फिरलं होतं. तुम्ही आवाज ऐकला असेल ना, लोक हसले तो?"

"हसले ते ऐकलं. का हसले ते नेस्टाने सांगितलं नाही. ती तेव्हा चहाचं बघायला गेली होती."

"अहो, लाल चेंडू मारायची पाळी होती त्याची. समोर सात-आठ लाल पसरलेले, त्यात तपकिरी मिसळलेला. आणि पठ्ठ्याने नेमका तपकिरीच पॉकेटमध्ये घातला. फाउल, चार गुण मला."

"धक्का लागून गेला असेल."

"धक्का लागून? नऊ फुटांवरून, सरळ, काठाला न शिवता. असा फटका मी वर्षातून दोनदा मारतो आणि बायकोला महिनाभर सांगतो." डेन्झिल हसला. "आणि फटका मारून हा थांबला नाही. खडू लावत पुढच्या चेंडूकडे चालायला लागला, जसं काही लालच घातलाय. बाई फाउल म्हणाल्या तेव्हा थबकला. टेबलाकडे नाही बघितलं, बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, माझं लक्ष नव्हतं."

गेथिनची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. ती थांबली.

"चेंडू कुठले होते सामन्याला?"

"नवे कोरे. इन्स्टिट्यूटने अंतिम सामन्यासाठी मागवलेले, आरशासारखे. एम्रिसच्या क्लबातले चेंडू तुम्ही हाताळलेत ना? माझ्या आजीच्या वयाचे. त्यातला तपकिरी तर आता शेणाच्या गोळ्यासारखा काळपट झालाय." त्याने गाडीचा ब्रेक सोडला. "नव्या चेंडूंची सवय नाही, म्हणून फसला असेल बिचारा. पण रंगवाल्याने रंगात फसावं, हे जरा अतीच."

गाडी बाटल्या खुळखुळवत उतारावरून गेली.

"दादा, दूध आत नेते," मी म्हटलं.

"ने. आणि विल्फला निरोप दे, उद्या त्याची वही घेऊन ये म्हणावं."

४

विल्फ फळेवाला पंचवीस वर्षं गुणांच्या फळ्यापाशी बसतो. फळ्यावरचे आकडे पुसले जातात म्हणून तो वहीतही लिहितो. आणि खेळ नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला, की त्या वेळी टेबलावर कुठला चेंडू कुठे होता त्याचा पेन्सिलीने नकाशा काढतो.

"कशाला काढतोस रे?" मी विचारलं.

"नंतर पबमध्ये भांडणं होतात, नेस्टाताई. मी आपली वही दाखवतो. बीअर फुकट मिळते." त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि गेथिनकडे वळला. "तुला दाखवून उपयोग नाही म्हणून बहिणीला दाखवतोय, रागावू नकोस."

"तुझी चित्रं बघायची नाहीत, हा आजाराचा एकमेव फायदा," गेथिन म्हणाला. "नकाशे किती?"

"चहानंतरचे नऊ. सात वेळा ती कुजबुज झाली तेव्हाचे, आणि दोनदा डेन्झिलने चेंडू पुसून मागितला होता."

"नेस्टा, सगळ्या नकाशांवर तपकिरी कुठे आहे ते सांग. बाकीचं नको."

विल्फची खूण मला माहीत होती. लाल म्हणजे टिंब, तपकिरी म्हणजे चौकट. मी पहिलं पान उघडलं. चौथा डाव. चौकट टिंबांच्या घोळक्यात होती. दुसरा नकाशा, तेच. तिसरा, चौकट आता एका काठाशी, पण दोन्ही बाजूंना टिंबं. पाचव्या डावाची पानं उलटत गेले आणि माझा आवाज हळू होत गेला. चारही वेळा चौकट लाल चेंडूंमध्ये.

"आणि डेन्झिलने चेंडू पुसायला दिला तेव्हा?"

मी ती दोन पानं काढली. "आपल्या ठरलेल्या ठिपक्यावर. दोन्ही वेळा. आसपास एकही लाल नाही."

"विल्फ, तिसऱ्या डावात तपकिरी आपल्या जागेवरून हलला होता?"

विल्फने डोळे मिटून आठवलं. "नाही. शेवटी सगळे लाल संपले, तेव्हा काय तो हलला. मला आठवतंय, कारण एम्रिसने त्याच्या बाजूने दोनदा पांढरा काढला, पण त्याला शिवला नाही."

"आणि चौथ्या-पाचव्यात तपकिरी एकदा पॉकेटमध्ये जाऊन परत ठिपक्यावर ठेवला गेला, की मग कुजबुज?"

विल्फ वही पुढेमागे करू लागला. "अरे. मग बंद. परत हलला, की परत सुरू." त्याने मान वर केली. "म्हणजे काय, तपकिरी चेंडूने काय केलंय?"

"चेंडूने काही केलेलं नाही," गेथिन म्हणाला. "वही सांभाळून ठेव. आणि गुरुवारपर्यंत बीअर विकत घे, कुणाला हे दाखवू नकोस."

विल्फ गेल्यावर त्याने मला नियमांचं पुस्तक काढायला लावलं. पंचाची कर्तव्यं, ते पान. मी एकेक कलम वाचत गेले. पंचाने न पाहिलेल्या गोष्टीबद्दल, ज्यांना चांगलं दिसत होतं अशा प्रेक्षकांची साक्ष घेता येते. खेळाडू चूक करणार आहे असं वाटलं तरी पंचाने त्याला सुचवू नये. पुढचं कलम वाचलं आणि गेथिनने बोट वर केलं.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. तीस वर्षं त्याने हे पुस्तक शिकवलं होतं, पण या कलमाची त्याला एकदाही गरज पडली नव्हती.

"उद्या रंग घ्यायला जाऊ," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"चॅपलच्या दारासाठी."

५

एम्रिसच्या दुकानात टर्पेंटाईनचा वास असतो आणि छतापर्यंत डबे. प्रत्येक डब्यावर बेथनच्या गोल अक्षरात मोठा आकडा. मी इतकी वर्षं तिथून रंग आणते आणि ते आकडे मला नीटनेटकेपणा वाटत आले होते.

बेथन आत पावाचं पीठ मळत होती. एम्रिस गल्ल्यावर होता. शनिवारपासून त्याने दाढी केलेली नव्हती.

"एम्रिस, गडद लाल रंगाचा छोटा डबा दे," गेथिन म्हणाला. "चॅपलच्या दाराला."

"नंबर?"

"नंबर माहीत नाही. गडद लाल."

एम्रिस शेल्फकडे वळला. हात अर्ध्यावर राहिला. आतून बेथन पिठाचे हात पुशीतच धावत आली. "मी देते, मी देते. तुम्ही बसा, गेथिनभाऊ."

"राहू दे, बेथन. मला रंग नको." गेथिनने काठी गल्ल्याला टेकवली. "एम्रिस, मी काय काय जोडलं ते सांगतो. चुकलं तर मला हाकलून दे.

"दुसऱ्या डावात तू तपकिरी घातलास. चुकून नव्हे, ठरवून मारलास, आणि घातल्यावर पुढे चालायला लागलास. तुझ्या लेखी तो लालच होता. तुमच्या क्लबात तसं कधी झालं नाही, कारण तिथला तपकिरी जुना होऊन काळवंडलाय, तो तुला वेगळा कळतो. नव्या चेंडूंत दोन्ही सारखे चमकत होते. मग चहाच्या सुट्टीत तू एलिनेडशी बोललास. त्यानंतर तू फक्त तेव्हाच विचारलंस, जेव्हा तपकिरी लाल चेंडूंत मिसळला होता. जागेवर असला की विचारायचं कारण नव्हतं, जागेवरूनच तुला तो कळत होता. तू विचारायचास, हा लाल का? ती सांगायची, लाल. नाहीतर तपकिरी. एवढाच एक शब्द."

बेथनने डोळ्यांना पदर लावावा तसा ॲप्रन लावला, आणि पीठ गालाला लागलं.

"लहानपणापासून," एम्रिस म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "लाल, तपकिरी, कधीकधी हिरवाही. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, कुणाला बोलू नकोस, दुकान तुलाच चालवायचंय. बेथनला लग्नानंतर सांगितलं."

"लग्नाच्या आदल्या दिवशी," बेथन म्हणाली. "लाल फुलं मागितली होती मी. ह्यांनी पानंच आणली."

"खाण बंद झाल्यापासून दरीत धंदा कुठे उरलाय, गेथिनभाऊ? लोक स्वतःची घरं रंगवतात, तेवढ्यावर आम्ही जगतो. रंग न कळणाऱ्या माणसाकडून कोण रंग घेईल? म्हणून तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. मला काय माहीत, हेडन मोजत बसलाय."

"मी कुणाला सांगणार नाही," गेथिन म्हणाला. "नेस्टाही नाही. आणि एलिनेड तर नाहीच. उद्या हेडन तिचा बिल्ला काढून घेईल, तरी ती सांगणार नाही. तो शब्द तिने तुला दिलाय, मोडायचा की राखायचा हे माझ्या हातात नाही."

तो वळला. मी त्याचा हात धरला. दारातून मी परत बघितलं तेव्हा एम्रिस एका डब्यावरचा आकडा बोटाने गिरवत होता.

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी दादाशी बोलले नाही. मला त्याचा राग आला होता. दोन वाक्यांत जिचं संकट टळलं असतं, ती मुलगी उद्या एकटी उभी राहणार होती.

६

गुरुवारी इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात कमिटीचे पाच जण एका बाजूला बसले, समोर एलिनेड. भिंतीपाशी डेन्झिल, विल्फ, मी आणि गेथिन. एम्रिसची खुर्ची रिकामी होती.

"चौकशीत काय निघालं?" हेडन म्हणाले.

"एक कलम," गेथिन म्हणाला. "नेस्टा, वाच."

मी वाचलं. "खेळाडूला रंग ओळखण्यात दोष असेल, आणि त्याने विचारलं, तर पंचाने त्याला चेंडूचा रंग सांगावा."

डेन्झिलने हळूच शीळ घातली. विल्फचा हात वहीवर गेला आणि तिथेच थांबला.

हेडन पुढे वाकले. "असं कलम आहे?"

"छापलंय. मोठ्याने सांगावं की हळू, हे लिहिलेलं नाही."

"मान्य. पण असा दोष आहे कुणाला? शनिवारी टेबलावर दोघेच होते. डेन्झिलने काही विचारलं नाही. आणि दुसरा माणूस दरीतला रंगवाला आहे." ते हसू लागले, पण कुणी साथ दिली नाही, म्हणून थांबले. "गेथिन, तू नाव घेशील का?"

"नाही."

"बाई, तुम्ही?"

"नाही," एलिनेड म्हणाली.

"मग माझाही इलाज नाही. कलम वाचून दाखवलं म्हणजे ते लागू पडलं असं होत नाही." हेडन अवघडले होते, हे खरं. त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "बिल्ला इथे ठेवा."

एलिनेडने बिल्ल्याच्या मागची पिन उघडली. कापडात ती अडकली, पुन्हा ओढावी लागली. मी खाली बघितलं. मला ते बघवेना.

दार उघडलं. आधी बेथन आली, आणि तिच्या मागे, ती ओढतेय की तो ढकलतोय हे कळू नये असा, एम्रिस. दाढी केलेली, रविवारचा कोट घातलेला.

"उशीर झाला," तो म्हणाला. "टाय कुठला घालायचा यावरून."

"एम्रिस, तू बस," हेडन म्हणाले.

"उभाच बरा आहे. ते कलम माझ्यासाठीच लिहिलेलं दिसतंय." त्याने कमिटीकडे न बघता एलिनेडकडे बघितलं. "मला लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात. जन्मापासून. ह्यांनी मला सात वेळा रंग सांगितला, दुसरं काही नाही. मी म्हणालो होतो कुणाला सांगू नका. मी म्हणायला नको होतं. पोरी, चुकलो मी."

मग डेन्झिलच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला.

"एम्रिस. माझ्या आईचं फाटक."

"काय झालं फाटकाला?"

"तिने लाल सांगितलं होतं. तू तपकिरी केलंस. तिला वाटलं हल्ली तशी फॅशन आहे, तिने दुसरं फाटकही तसंच करून घेतलं."

"दुसऱ्याचा रंग बेथनने दिला," एम्रिस म्हणाला. "म्हणजे ते मुद्दाम तपकिरी आहे."

पहिल्यांदा विल्फ हसला. मग कमिटीतले दोघे. मला चॅपलचं दार आठवलं आणि उन्हाळ्यापासून मनात धरलेली त्या काटकसरीची अढी अशी काही सुटली की मीही तोंडावर रुमाल धरला. बेथन तर रडत रडत हसत होती. "म्हणून नंबर घालते मी डब्यांवर," ती म्हणत होती. "मी घरी असले की कधी चूक होत नाही. विचारा कुणालाही."

"कधीच नाही," डेन्झिल म्हणाला. "गाडी कोणी रंगवून दिली माझी? पुढच्या आठवड्यात परत आणतोय. पण नंबर वहिनी सांगतील."

एम्रिस तेव्हा खाली बसला. बसला म्हणण्यापेक्षा खुर्चीत पडला. त्याच्या तोंडावर, इतकी वर्षं उचललेलं ओझं कुणीतरी सहज काढून घ्यावं, तसं काहीतरी होतं.

"सातांतल्या तीन वेळा तर मी हरलो तो डाव," तो डेन्झिलला म्हणाला. "तुला वाईट वाटायचं कारण नाही."

"मला वाईट वाटतंय ते काळ्या चेंडूचं. ते तसंच राहणार."

हेडननी पेन उघडलं. "ठीक आहे. तक्रार मागे घेतली, असं लिहितो."

"नाही," एलिनेड म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण पंचाचा होता, सगळे गप्प झाले.

"मागे घेतली म्हटलं तर तक्रारीत काहीतरी होतं असं वाटेल, आणि तुम्ही मोठ्या मनाने सोडून दिलंत असं. तक्रार फेटाळली, असं लिहा."

हेडननी तिच्याकडे बघितलं. मग लिहिलं. लिहून झाल्यावर कागद तिच्याकडे वळवून दाखवला आणि शेजारी पडलेला बिल्ला दोन बोटांनी तिच्यापुढे सरकवला.

"पुढच्या वेळी," ते खाकरत म्हणाले, "मी जरा मागच्या रांगेत बसेन."

कपाट उघडायला, कप द्यायला, त्यात कुणीतरी बीअर ओतायला अजून अर्धा तास गेला. मी गेथिनला डेन्झिलच्या हवाली केलं आणि एलिनेडला शोधत बाहेर आले.

ती इन्स्टिट्यूटच्या पायरीवर बसली होती. डोंगरावर ऊन होतं, खालच्या रस्त्यावरून शाळेची मुलं चालली होती.

"नेस्टामावशी, जरा बसू दे मला," ती म्हणाली. "आत सगळं नीट होतं. इथे आले आणि एकदम बसून घ्यावंसं वाटलं."

मी शेजारी बसले. दगड उन्हाने कोमट झाले होते.

"तो आला नसता तर?" मी विचारलं.

"तर बिल्ला गेला असता." ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, थांबताच येईना अशी. "मी बुधवारी रात्री मनाची तयारी केली होती. पूर्ण तयारी. आता त्या तयारीचं काय करू कळत नाहीये."

वळणावर साडेचारची बस दिसली. तिचीच बस. ती उठायला गेली, आणि परत बसली.

"जाऊ दे," मी म्हटलं. "दुसरी आहे."

बस थांबली, दोन माणसं उतरवून निघून गेली. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.